रिकाम्या जागेचा हक्क : एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश पोटनिवडणुकीचा इतिहास

संसदीय संस्थांच्या इतिहासाला वाहिलेल्या स्मरणिकेत सभागृहे असतात, समित्या असतात, सचिवालये आणि ग्रंथालये असतात. त्यांना स्थापनेचा दिवस असतो, कोनशिला असते, अध्यक्षांच्या तसबिरींची रांग असते. पोटनिवडणुकीपाशी यांपैकी काहीच नाही. कुणाचा मृत्यू, कुणाची बढती, कुणाची हकालपट्टी झाली की ती जागी होते, दोन-तीन आठवडे गाजते आणि निकाल लागला की विरते. पण ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास तिला वगळून लिहिता येत नाही. कॅथलिक, ज्यू आणि निरीश्वरवादी सभासदांना सभागृहाची दारे उघडली ती पोटनिवडणुकांच्या धडकेने. गुप्त मतदानाची पहिली संसदीय परीक्षा झाली ती पोटनिवडणुकीत. भारताची बाजू मांडणारे तीन सभासद कॉमन्समध्ये गेले, परतले किंवा टिकले तेही याच वाटेने.

राजाचा सभासदांवरचा प्रभाव रोखण्यासाठी जी व्यवस्था उभी राहिली, तिचा उपयोग मतदारसंघांनी सभागृहालाच उत्तर देण्यासाठी कसा करून घेतला, ते या लेखात सांगायचे आहे.

उगम : राजीनाम्याची बंदी आणि पगाराची धास्ती

कॉमन्सच्या सभासदाला राजीनामा देता येत नाही, हा नियम १६२४ सालच्या ठरावापासूनचा. त्या काळी सभासदत्व हे मानापेक्षा ओझेच अधिक होते आणि एकदा निवडलेल्याने ते मध्येच टाकू नये, अशी अपेक्षा होती. पुढे धास्तीचे कारण बदलले. राजा सभासदांना पगाराच्या जागा देऊन आपल्या बाजूला वळवतो, ही तक्रार वाढली. १७०७च्या कायद्याने त्यावर मधला मार्ग काढला. सभासदाने राजाकडून लाभाचे पद स्वीकारले तर त्याची जागा रिकामी होईल. मात्र ठरावीक पदांच्या बाबतीत त्याला पुन्हा मतदारांपुढे जाऊन निवडून येता येईल. यातूनच मंत्र्यांच्या पोटनिवडणुकांची प्रथा पडली. मंत्रिपदाची शपथ घेतली की आधी आपल्या मतदारसंघात जाऊन पुन्हा कौल घ्यायचा, मगच सभागृहात बसायचे.

याच तरतुदीने राजीनाम्याचीही पळवाट काढून दिली. बकिंगहॅमशरमधल्या चिल्टर्न टेकड्यांच्या परिसरावर पूर्वी राजाचा कारभारी नेमला जाई. त्या कामाला काही अर्थ उरला नव्हता, पण ‘लाभाचे पद’ म्हणून त्याचे नाव कागदावर शिल्लक होते. १७५१मध्ये जॉन पिट या सभासदाने ते मागून घेतले आणि त्याची जागा आपोआप रिकामी झाली. तेव्हापासून ज्याला सभागृह सोडायचे आहे त्याने अर्थमंत्र्याकडे ‘चिल्टर्न हंड्रेड्स’ मागायचे, असा रिवाज झाला. १८४४पासून यॉर्कशरमधल्या नॉर्थस्टेड या जहागिरीचे कारभारीपणही याच कामी येऊ लागले. आजही ब्रिटिश खासदार राजीनामा देतो तो या दोहोंपैकी एका पदावर स्वतःची नेमणूक करवूनच.

अर्थमंत्री ही नेमणूक नाकारूही शकत असे. १८४२मध्ये निवडणुकीतील गैरप्रकारांची चौकशी टाळण्यासाठी काही ठिकाणी उमेदवारांनी आपसांत तडजोडी केल्या होत्या. त्यांतल्या एकीचा भाग म्हणून रेडिंगच्या व्हायकाउंट चेल्सींनी हे पद मागितले, तेव्हा अर्थमंत्री हेन्री गोल्बर्न यांनी नकार दिला. अशा सौद्यांना आपला हातभार लागू नये, ही त्यांची भूमिका. असे नकार मात्र विरळाच.

कार्यपद्धती

जागा रिकामी झाली की नव्या निवडणुकीचा हुकूमनामा काढावा, असा प्रस्ताव सभागृहात येई. ज्या पक्षाची जागा गेली त्या पक्षाच्या प्रतोदाने तो मांडायचा, हा संकेत हळूहळू रुळला. प्रस्ताव मंजूर झाला की सभापतींचे आज्ञापत्र चान्सरीतील राजलेखकाकडे जाई आणि तिथून हुकूमनामा मतदारसंघाकडे निघे. परगण्यात शेरीफकडे, शहरात बहुधा महापौराकडे.

पुढचा सोहळा चव्हाट्यावरचा. गावातल्या मोकळ्या जागी लाकडी मंच उभारत. उमेदवारांची नावे तिथे सुचवली जात, भाषणे होत, आरडाओरडा आणि चिखलफेकही होई. मग जमलेल्या लोकांना हात वर करायला सांगत. त्यात ज्याला मताधिकार नाही तोही हात वर करून घेई. हरलेल्या बाजूने मागणी केली की खरे मतदान सुरू होई. मतदार मंचापाशी येऊन उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगे आणि कारकून ते वहीत टिपून घेई. कुणी कुणाला मत दिले याची ही यादी पुढे छापून विकलीही जाई. जमीनदाराला आपल्या कुळाचे, गिऱ्हाइकाला आपल्या दुकानदाराचे मत असे उघड कळे.

१८३२पूर्वी हे मतदान पंधरा दिवसांपर्यंत चालू शके. १८३२च्या सुधारणा कायद्याने ती मुदत दोन दिवसांवर आणली. शहरांत १८३५पासून आणि परगण्यांत १८५३पासून ते एका दिवसात उरकू लागले.

मंत्र्यांच्या बहुतेक पोटनिवडणुका बिनविरोध होत. मतदारसंघाला आपला माणूस मंत्री झाल्याचा अभिमान असे आणि विरोधकांना खर्च नको असे. पण या तरतुदीत एक शक्यता दडलेली होती. ज्या दिवशी सरकार नवा मंत्री नेमी, त्या दिवशी देशातल्या एका मतदारसंघाला एकट्याने बोलायची संधी मिळे. ती संधी १८२८मध्ये आयर्लंडच्या क्लेअर परगण्याने साधली.

क्लेअर, १८२८

विल्यम व्हेसी फिट्झजेराल्ड हे क्लेअरचे सभासद. पंतप्रधान वेलिंग्टन यांच्या मंत्रिमंडळात त्यांची व्यापार मंडळाच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली आणि नियमाप्रमाणे ते पुन्हा निवडून यायला एनिस या परगण्याच्या मुख्य गावी गेले. ते लोकप्रिय जमीनदार होते, कॅथलिकांच्या मागण्यांना अनुकूलही होते. एरवी त्यांच्याविरुद्ध कुणी उभे राहिले नसते.

डब्लिनचे वकील डॅनियल ओ’कॉनेल उभे राहिले. महिन्याला एक पेनी वर्गणी घेऊन गरीब शेतकऱ्यांनाही सभासद करणारी कॅथलिक असोसिएशन त्यांच्या पाठीशी होती. कायद्यातली फट त्यांनी नेमकी हेरली होती. कॅथलिकाला निवडणूक लढवण्याची मनाई कुठेच नव्हती. मनाई होती ती सभागृहात बसण्याला, तीही शपथेमुळे, कारण त्या शपथेत कॅथलिक श्रद्धा नाकारावी लागे. निवडून येईपर्यंत कुणाला हरकत घेता येत नव्हती आणि निवडून आल्यावर सारा पेच सरकारच्या पदरी पडणार होता.

आयर्लंडच्या परगण्यांत वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाच्या जमिनीवर मताधिकार मिळे. जमीनदारांनी आपली मते वाढवण्यासाठीच हे छोटे कूळ-मतदार तयार केले होते आणि ते मालकामागे मुकाट्याने मत देत. क्लेअरमध्ये ते धर्मगुरूंच्या मागून, रांगा करून, दारूला स्पर्श न करता एनिसला आले आणि मालकांच्या डोळ्यांदेखत मालकांच्या उमेदवाराविरुद्ध बोलले. पाचव्या दिवशी फिट्झजेराल्ड यांनी माघार घेतली. ओ’कॉनेल यांना २,०५७ मते पडली, फिट्झजेराल्ड यांना ९८२.

हेच प्रत्येक आयरिश परगण्यात घडेल, या भीतीने वेलिंग्टन आणि गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी जन्मभराचा विरोध सोडला. एप्रिल १८२९मध्ये कॅथलिकांना संसदेत बसू देणारा कायदा झाला. पील स्वतः ऑक्सफर्ड विद्यापीठाचे सभासद होते. भूमिका बदलली म्हणून त्यांनी जागा सोडून पुन्हा कौल मागितला आणि फेब्रुवारी १८२९च्या पोटनिवडणुकीत सर रॉबर्ट इंग्लिस यांनी त्यांना ७५५ विरुद्ध ६०९ मतांनी हरवले. वेस्टबरी नावाच्या, एका धनिकाच्या मुठीतल्या गावातून त्यांना घाईघाईने परत आणावे लागले. एका पोटनिवडणुकीने जो कायदा ओढून आणला, त्याच्या कर्त्याला दुसऱ्या पोटनिवडणुकीने शिक्षा केली.

ओ’कॉनेल मात्र जुन्या कायद्याखाली निवडून आलेले, म्हणून सभागृहाने त्यांच्यापुढे जुनीच शपथ ठेवली. ती नाकारून ते परत गेले, जागा पुन्हा रिकामी ठरली आणि जुलै १८२९मध्ये ते बिनविरोध परत आले. ज्यांनी हे घडवले त्यांना मात्र किंमत मोजावी लागली. सवलतीच्या कायद्याबरोबरच आयर्लंडमधली मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली आणि क्लेअरचा विजय घडवणाऱ्या शेतकऱ्यांची मते गेली. पोटनिवडणुकीच्या इतिहासातला हा सर्वांत कडू हिशेब.

शपथेचा उंबरठा

क्लेअरचा धडा लंडनच्या ज्यू समाजाने नीट वाचला. १८४७च्या सार्वत्रिक निवडणुकीत लंडन शहराने बँकर लायोनेल डी रॉथ्सचाइल्ड यांना निवडले. सभासदाच्या शपथेत ‘ख्रिस्ती धर्मावरील खऱ्या श्रद्धेने’ अशा अर्थाचे शब्द होते आणि ते उच्चारणे त्यांना शक्य नव्हते. कॉमन्सने ज्यूंना सवलत देणारी विधेयके मंजूर करावीत आणि लॉर्ड्सने ती फेटाळावीत, असे वर्षानुवर्षे चालले. रॉथ्सचाइल्ड यांनी १८४९मध्ये जागा सोडली आणि पोटनिवडणुकीत प्रतिस्पर्ध्याच्या दुपटीहून अधिक मते घेऊन ते परतले. १८५७मध्ये पुन्हा तेच केले. विजय मिळे, जागा मिळे, पण आसन मिळत नसे.

ग्रिनिचचे डेव्हिड सॉलोमन्स अधिक धीट निघाले. १८५१च्या पोटनिवडणुकीत जिंकल्यावर त्यांनी ते शब्द गाळून शपथ घेतली, बाकावर जाऊन बसले आणि मतदानातही भाग घेतला. न्यायालयाने त्यांना ५०० पौंड दंड केला. अखेर १८५८च्या कायद्याने प्रत्येक सभागृहाला आपापली शपथ ठरवायची मुभा दिली आणि २६ जुलै १८५८ रोजी रॉथ्सचाइल्ड आसनस्थ झाले. अकरा वर्षांच्या या लढ्यात एकाच शहराने तोच माणूस पुन्हा पुन्हा पाठवला, हे सर्वांत प्रभावी निवेदन ठरले.

नॉर्दॅम्प्टनची जिद्द

जोडे बनवणाऱ्या कारागिरांचे नॉर्दॅम्प्टन हे गाव. १८८०मध्ये त्याने चार्ल्स ब्रॅडलॉ यांना निवडले. ते उघड निरीश्वरवादी आणि राजसत्तेचे विरोधक. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी गांभीर्याने प्रतिज्ञा करू द्यावी, ही त्यांची मागणी नाकारली गेली. मग ते शपथ घ्यायला तयार झाले, तर ज्याचा देवावर विश्वास नाही त्याची शपथ कसली, असे म्हणून तीही घेऊ दिली नाही. काही काळ प्रतिज्ञेवर बसू दिले, तर न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि जागा रिकामी झाली.

त्यानंतरची मालिका अशी. एप्रिल १८८१ : ब्रॅडलॉ ३,४३७, कॉर्बेट ३,३०५. ऑगस्टमध्ये सभागृहात शिरू पाहणाऱ्या ब्रॅडलॉ यांना पोलिसांनी आणि शिपायांनी ओढत बाहेर काढले. फेब्रुवारी १८८२मध्ये ते टेबलापाशी गेले, खिशातून बायबलचा नवा करार काढून त्यांनी स्वतःच स्वतःला शपथ दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना काढून टाकण्यात आले. मार्च १८८२ : ब्रॅडलॉ ३,७९६, कॉर्बेट ३,६८८. फेब्रुवारी १८८४मध्ये पुन्हा तसाच प्रसंग झाला आणि या वेळी त्यांनी आपणहून चिल्टर्न हंड्रेड्स मागून घेतले. मते : ब्रॅडलॉ ४,०३२, रिचर्ड्स ३,६६४.

तीन पोटनिवडणुका आणि तीन विजय, त्यातही प्रत्येक खेपेला मते वाढलेली. अठराव्या शतकात मिडलसेक्सने जॉन विल्क्स यांना असेच पुन्हा पुन्हा निवडले, तेव्हा सभागृहाने हरलेल्या उमेदवारालाच आसन दिले होते. ब्रॅडलॉ यांच्या वेळी तितके धाडस कुणी केले नाही. १८८५च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १३ जानेवारी १८८६ रोजी, नवे सभापती आर्थर पील यांनी कुणाचीही हरकत न ऐकता त्यांना शपथ घेऊ दिली. १८८८मध्ये शपथेऐवजी प्रतिज्ञेची सर्वांना मुभा देणारा कायदा ब्रॅडलॉ यांनीच मंजूर करून घेतला. जानेवारी १८९१मध्ये ते मृत्युशय्येवर असताना कॉमन्सने त्यांच्याविरुद्धचा जुना ठराव कामकाजाच्या नोंदींतून काढून टाकला. त्यांच्या निधनाने नॉर्दॅम्प्टनला आणखी एक पोटनिवडणूक आली आणि त्यांच्याच पक्षाचे मोझेस फिलिप मॅनफील्ड हे जोडे-कारखानदार निवडून आले.

मंत्र्यांची पंचाईत

मंत्र्यांना मतदारांपुढे पाठवणारी तरतूद सरकारांना अनेकदा महागात पडली. डिसेंबर १८४५मध्ये ग्लॅडस्टन वसाहतमंत्री झाले. त्यांची नेवार्कची जागा ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांच्या वजनावर अवलंबून होती आणि सरकार धान्यावरील जी जकात उठवायला निघाले होते, तिचे ड्यूक कट्टर समर्थक. पुन्हा उभे राहण्यात अर्थ नव्हता. म्हणून १८४६मध्ये सरकार पडेपर्यंत ग्लॅडस्टन सभासद नसलेलेच मंत्री राहिले. धान्य-कायद्यांवरच्या त्या निर्णायक अधिवेशनात त्यांना सभागृहात तोंड उघडता आले नाही.

१८८०मध्ये सर विल्यम हारकोर्ट गृहमंत्री झाले आणि महिन्याभरापूर्वी जिंकलेली ऑक्सफर्डची जागा ५४ मतांनी हरले. जहाजांवरच्या भाररेषेसाठी लढणारे सॅम्युएल प्लिम्सॉल यांनी आपली डर्बीची जागा त्यांच्यासाठी मोकळी केली. इकडे ऑक्सफर्डच्या विजेत्याची निवडणूक भ्रष्टाचारामुळे रद्द झाली आणि त्या शहराचा हुकूमनामाच रोखून धरला गेला. जानेवारी १८८७मध्ये अर्थमंत्री जॉर्ज गोशेन लिव्हरपूल एक्स्चेंजला सात मतांनी पडले : ३,२१७ विरुद्ध ३,२१०. त्यांना लंडनमधल्या हॅनोव्हर स्क्वेअरच्या सुरक्षित जागेवरून आणावे लागले.

१८६७च्या सुधारणा कायद्याने एका मंत्रिपदावरून दुसऱ्यावर जाणाऱ्याला पुन्हा निवडून येण्यातून सूट दिली. पण पंतप्रधान असताना अर्थखातेही घेतले तर? १८७३मध्ये ग्लॅडस्टन यांनी तेच केले आणि त्यांची ग्रिनिचची जागा रिकामी झाली की नाही यावर कायदेपंडितांत दुमत झाले. पोटनिवडणूक झाली तर ती हरण्याची भीती होती. जानेवारी १८७४मध्ये त्यांनी संसदच विसर्जित केली; त्या निर्णयामागे हा पेचही होता, असे अनेक इतिहासकार मानतात.

मत विकणारी गावे, मतपेटी आणि एक दुकानदारीण

रिकामी जागा भरायचीच नाही, हेही सभागृहाच्या हातातले हत्यार होते. १८४१मध्ये सडबरीतून डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोम्ब्रे निवडून आले. मेरठजवळच्या सरधन्याच्या बेगम समरूंचे ते वारस आणि ब्रिटिश संसदेत पोचलेले आशियाई वंशाचे पहिले सभासद. लाचखोरीच्या तक्रारीवरून १८४२मध्ये त्यांची निवड रद्द झाली. पण सडबरीला नवा हुकूमनामा मिळालाच नाही आणि १८४४मध्ये त्या गावाचे प्रतिनिधित्वच काढून घेतले गेले. सेंट ऑल्बन्सचे १८५२मध्ये तसेच झाले आणि तिथे तर डिसेंबर १८५०ची पोटनिवडणूकच कारणीभूत ठरली. मतांचा बाजार चौकशीत उघडा पडला. तिथून आलेले जेकब बेल पुन्हा सभासद झाले नाहीत, पण त्या अल्प मुदतीत औषधविक्रेत्यांच्या नोंदणीचा १८५२चा कायदा त्यांनी करून घेतला.

२६ नोव्हेंबर १८६७ रोजी मँचेस्टरच्या पोटनिवडणुकीत लिली मॅक्सवेल नावाची एक विधवा दुकानदारीण मतदानाला आली. मतदारयादीत तिचे नाव चुकून पडले होते. स्त्री-मताधिकाराच्या कार्यकर्त्या लिडिया बेकर तिच्यासोबत होत्या. तिने जेकब ब्राइट यांचे नाव मोठ्याने सांगितले, जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मत मोजले गेले. पुढच्याच वर्षी न्यायालयाने स्त्रियांना मताधिकार नाही असा निर्वाळा दिला. निवडून आलेल्या जेकब ब्राइट यांनी १८७०मध्ये स्त्री-मताधिकाराचे विधेयक सभागृहात आणले.

गुप्त मतदानाचा कायदा १८७२च्या जुलैत झाला आणि त्याचा पहिला प्रयोग १५ ऑगस्टला यॉर्कशरमधल्या पॉन्टफ्रॅक्टला झाला. कारण तेच जुने : ह्यू चिल्डर्स मंत्री झाले होते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीने १८५६मध्ये गुप्त मतदान सुरू केले तेव्हा चिल्डर्स तिथल्या राजकारणात होते, हा एक योगायोग. मतपेटीला लाखेची मोहोर लावायला गावातल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या कारखान्यातला ठसा वापरला. चिल्डर्स ६५८, व्हायकाउंट पॉलिंग्टन ५७८. दंगा नाही, भाषणांचा मंच नाही, कोण कुणाच्या बाजूने गेले याची यादी नाही. त्या पेट्यांपैकी एक तिथल्या संग्रहालयात आजही आहे.

आयर्लंड : तुरुंगातून आणि परदेशातून

आयरिश मतदारांनी क्लेअरची युक्ती पुढे अधिक टोकाला नेली. नोव्हेंबर १८६९मध्ये टिपरेरीने ओ’डोनोव्हन रोसा या जन्मठेप भोगणाऱ्या क्रांतिकारकाला १,१३१ विरुद्ध १,०२८ मतांनी निवडले. सभागृहाने गुन्हेगार म्हणून ती निवड रद्द ठरवली. १८७५मध्ये याच टिपरेरीने काळ्या पाण्याची शिक्षा झालेले आणि पळून अमेरिकेत गेलेले जॉन मिचेल यांना निवडले. ती निवड रद्द झाल्यावर मार्चमध्ये पुन्हा निवडले. २० मार्चला मिचेल वारले आणि जागा हरलेल्या उमेदवाराला मिळाली. त्यांचे मेहुणे व मीथचे सभासद जॉन मार्टिन त्यांच्या मागोमाग काही दिवसांतच गेले. मार्टिन यांच्या रिकाम्या जागेवर एप्रिल १८७५मध्ये एक तरुण प्रॉटेस्टंट जमीनदार निवडून आला : चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल. आयरिश स्वराज्याची चळवळ पुढची पंधरा वर्षे त्याच्याभोवती फिरली. त्याच्या पक्षात फूट पडली, तिचा पहिला निकालही पोटनिवडणुकीनेच दिला. डिसेंबर १८९०मध्ये उत्तर किलकेनीत पार्नेलविरोधी जॉन पोप हेनेसी २,५२७ मते घेऊन जिंकले. पार्नेलच्या उमेदवाराला १,३६२ मते पडली.

हवामान आणि बी-पेरणी

शतकाच्या उत्तरार्धात पक्ष बांधीव झाले आणि पोटनिवडणुकीवरून देशाची हवा ओळखायची सवय लागली. ती सवय धोक्याची, हे पंतप्रधान डिझरायली यांना पहिल्यांदा कळले. फेब्रुवारी १८८०मध्ये हुजूर पक्षाचे एडवर्ड क्लार्क यांनी लंडनमधली साउथवर्कची उदार पक्षाची जागा जिंकली. विरोधी मते दोन उमेदवारांत विभागली गेली होती, तरी मंत्रिमंडळाने त्यात देशाचा कल पाहिला. मार्चमध्ये संसद विसर्जित झाली आणि सार्वत्रिक निवडणुकीत ग्लॅडस्टन मोठ्या बहुमताने आले.

एप्रिल १८८८मध्ये स्कॉटलंडच्या मिड लॅनर्कमध्ये केअर हार्डी हा खाणकामगार उदार पक्षाने तिकीट नाकारल्यावर स्वतंत्र उभा राहिला. उदार पक्षाला ३,८४७, हुजूर पक्षाला २,९१७ आणि हार्डीला ६१७ मते. हा पराभव मोठाच होता, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्लासगोत स्कॉटिश मजूर पक्ष स्थापन झाला आणि १८९२मध्ये हार्डी वेस्ट हॅम साउथमधून कॉमन्समध्ये पोचले. त्याच सार्वत्रिक निवडणुकीत दादाभाई नौरोजीही सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले.

हिंदुस्थानची बाजू

भारताचा ना मतदारसंघ होता ना मत, पण भारताबद्दल बोलणारे काही सभासद होते. केंब्रिजचे अंध अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट भारताच्या खर्चाचा जाब विचारत. फेब्रुवारी १८७४मध्ये ते ब्रायटनला पडले. हॅकनीत त्याच निवडणुकीत काही मतदान केंद्रे उघडलीच नव्हती, म्हणून ती निवड रद्द झाली आणि एप्रिलमधल्या फेरनिवडणुकीत फॉसेट परत आले. नव्या मतपेटीच्या गोंधळाने भारताचा वकील सभागृहात राहिला.

ब्रॅडलॉ यांचा उल्लेख वर आलाच आहे. डिसेंबर १८८९मध्ये ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले. त्या वेळी प्रतिनिधींची संख्या सालाच्या आकड्याइतकीच, १,८८९ होती. अधिवेशनातल्या मागण्यांना अनुसरून त्यांनी भारतीय विधिमंडळांच्या सुधारणेचे विधेयक कॉमन्समध्ये आणले. त्यांच्या मृत्यूनंतर सरकारने आपला १८९२चा कायदा केला. त्या कायद्याने आलेल्या विस्तारित मुंबई विधिमंडळात पुढे लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले सभासद झाले.

मुंबईच्या त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न. मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी आणि न्यायाधीश म्हणून त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती आणि शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर शेतकी बँकांचा उपाय मांडला होता. मार्च १८९३मध्ये स्कॉटलंडमधल्या बॅन्फशरचे सभासद न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर झाले, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत वेडरबर्न निवडून आले. १९००पर्यंत ते सभासद राहिले आणि भारतविषयक संसदीय समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. दख्खनच्या कुळांचे गाऱ्हाणे वेस्टमिन्स्टरला पोचवणारा सभासद स्कॉटिश कोळी-शेतकऱ्यांच्या मतांवर गेला होता.

नंतरचे बदल आणि वारसा

मंत्र्यांच्या सक्तीच्या पोटनिवडणुका १९१९च्या कायद्याने मर्यादित झाल्या आणि १९२६च्या कायद्याने संपल्या. राजाच्या पगाराची जुनी धास्ती तेव्हा उरली नव्हती आणि मंत्रिमंडळ बनवताना सुरक्षित जागा शोधत बसणे सर्वच पक्षांना जाचक झाले होते.

भारताच्या राज्यघटनेने ब्रिटनकडून बरेच घेतले, पण ही अट उलटी करून घेतली. आपल्याकडे सभासद नसलेल्यालाही मंत्री होता येते. मात्र सहा महिन्यांत त्याला कोणत्या तरी सभागृहाचे सभासद व्हावे लागते आणि त्यासाठी अनेकदा कुणाची तरी जागा रिकामी करवून पोटनिवडणूक घेतली जाते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ नुसार रिकामी जागा साधारणपणे सहा महिन्यांत भरावी लागते. हुकूमनामा रोखून एखाद्या गावाला वर्षानुवर्षे बिनप्रतिनिधी ठेवण्याचे सडबरी-ऑक्सफर्डचे हत्यार आपल्या सभागृहांकडे नाही, हा मतदाराच्या दृष्टीने मोठा फरक.

या संस्थेचा ताळेबंद मांडताना केवळ विजय मोजून चालणार नाही. क्लेअरच्या शेतकऱ्यांनी मत गमावले, लिली मॅक्सवेलचे मत पुढच्या वर्षी बेकायदा ठरले, टिपरेरीचा कौल दोनदा फेटाळला गेला. तरीही आसनावर कुणाला बसू द्यायचे हा सभागृहाचा अधिकार आणि तिथे कुणाला पाठवायचे हा मतदारसंघाचा अधिकार, या दोहोंची गाठ क्लेअर, लंडन आणि नॉर्दॅम्प्टनला पडली तेव्हा शेवटी बदलला तो कायदा. मतदारसंघ आपल्या माणसावर ठाम राहिले. हे बळ त्यांना मिळाले ते १७०७ आणि १७५१च्या दोन तांत्रिक सोयींतून, ज्या करताना मतदारांचा विचार कुणाच्या मनातही नव्हता.